मानवी व्यापार : खटले आणि पीडितांचे साहाय्य

मानवी व्यापार म्हणजे शोषणासाठी माणसाची भरती करणे, त्याला दुसरीकडे नेणे, दडवून ठेवणे, कोणाच्या स्वाधीन करणे किंवा स्वतःकडे घेणे, आणि त्यासाठी धाक, बळजबरी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष यांपैकी कशाचाही आधार घेणे. शोषणात लैंगिक शोषण, गुलामी, भीक मागायला लावणे आणि अवयव काढून घेणे हे सारे येते. पीडित व्यक्ती राजीखुशीने आली होती, हा बचाव कायद्याला मान्य नाही. संविधानाच्या अनुच्छेद 23 ने मानवी व्यापार व वेठबिगारी या दोन्हींवर बंदी घातली आहे.

या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील देहव्यापाराशी संबंधित खटल्यांची वाटचाल दिली आहे. वेठबिगारीचा विचार शेवटी थोडक्यात येतो. हे खटले कोसळतात ते बहुधा कायदा अपुरा आहे म्हणून नव्हे. पहिल्या दोन दिवसांतले कागद कच्चे राहतात आणि साक्षीच्या तारखेला पीडिता हजर नसते, म्हणून कोसळतात.

कायद्याची चौकट

जुना आणि रोजच्या वापरातला कायदा म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, 1956. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात त्याला ‘पिटा’च म्हणतात. या कायद्याने देहविक्री हा स्वतंत्र गुन्हा ठरवलेला नाही. कुंटणखाना चालवणे (कलम 3), दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर जगणे (कलम 4), मुली-बायका आणणे व पुरवणे (कलम 5) आणि डांबून ठेवणे (कलम 6) हे गुन्हे आहेत. कलम 8 मात्र उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईलाच आरोपी करते. कारवाईचा आकडा दाखवायचा असेल, तेव्हा हेच कलम सोयीचे ठरत आले आहे. दलाल सुटतो, बाई दंड भरते आणि त्या दंडाचे कर्ज पुन्हा घरवालीच्या, म्हणजे कुंटणखान्याच्या मालकिणीच्या, वहीत तिच्याच नावावर चढते.

मानवी व्यापाराची सविस्तर व्याख्या दंड संहितेत 2013 साली कलम 370 मध्ये आली. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये आहे. एका प्रौढ व्यक्तीच्या व्यापाराला 7 ते 10 वर्षे सक्तमजुरी आहे. एकापेक्षा जास्त व्यक्ती असल्यास किंवा पीडित अठरा वर्षांखालील असल्यास किमान 10 वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप होते. गुन्ह्यात पोलीस किंवा लोकसेवक सामील असेल तर उरलेले सारे आयुष्य तुरुंगात. अशा व्यक्तीचे शोषण केल्याबद्दल वेगळे कलम 144 आहे. पीडिता बालक असेल तर बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा पोक्सो कायदा (2012) जोडला जातो. एफआयआरमध्ये केवळ पिटाची कलमे लावणे ही नेहमीची चूक आहे. कुंटणखाना चालवण्याला पहिल्या दोषसिद्धीत 1 ते 3 वर्षे शिक्षा असल्याने आरोपीला जामीन लवकर मिळतो, आणि मुलीला गावातून आणणाऱ्यापर्यंत तपास पोचतच नाही.

छापा आणि पंचनामा

पिटाखाली तपासाचा अधिकार कलम 13 नुसार नेमलेल्या विशेष पोलीस अधिकाऱ्याला असतो. तो निरीक्षक दर्जाच्या खालचा चालत नाही. अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याने केलेला तपास टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगितले आहे. तरीही दोषारोपपत्रात नेमणुकीच्या अधिसूचनेची प्रत जोडायची राहून जाते आणि उलटतपासात पहिला प्रश्न नेमका तोच येतो.

कलम 15 प्रमाणे वॉरंटशिवाय झडती घेता येते. पण निघण्यापूर्वी त्यामागची कारणे लेखी नोंदवावी लागतात. त्या भागातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित पंच लागतात आणि त्यांतली किमान एक स्त्री असावी लागते. स्त्री पंच त्याच भागातली असण्याची अट नाही, ही सवलत कायद्यानेच दिली आहे. सोबत किमान दोन महिला पोलीस असल्या पाहिजेत. सुटका झालेल्या मुलींकडे विचारपूस महिला पोलिसाने करायची. ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या स्त्री प्रतिनिधीसमोर.

प्रत्यक्षात सापळा असा लागतो : बनावट ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या नोटांचे क्रमांक पंचांसमोर छाप्यापूर्वीच्या पंचनाम्यात लिहिले जातात, बनावट ग्राहकाची झडती घेऊन त्याच्याकडे दुसरे पैसे नाहीत याची नोंद होते, आणि सौदा ठरताच तो मिसकॉल देतो किंवा ठरलेली खूण करतो. मग पथक आत शिरते. नोटा ज्याच्या खिशात, गल्ल्यात किंवा उशीखाली सापडतात, त्याचा कुंटणखान्याशी संबंध जोडला जातो. इथेच घोळ होतात. नोटेच्या क्रमांकातला एक आकडा दोन पंचनाम्यांत वेगळा पडतो. नोट दलालाकडे सापडते आणि जप्ती मालकिणीकडून दाखवली जाते. ठाण्याच्या ओळखीचा तोच तो पंच दहाव्या खटल्यात उभा राहतो आणि न्यायाधीशही त्याला ओळखतात. झडतीचे चित्रीकरण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 105 ने बंधनकारक आहे. त्यामुळे पंच फितूर झाला तरी काही हाती उरते. मात्र त्या चित्रीकरणात मुलींचे चेहरे दिसतात. म्हणून त्याची प्रत वर्तमानपत्र किंवा वाहिनीकडे जाता कामा नये.

खोलीतून केवळ नोटा आणि निरोध उचलून पथक परतले तर खटला अर्धाच उभा राहतो. हिशेबाची वही, भाडेकरार, वीजबिल, मोबाइल, रेल्वेचे तिकीट, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि बाहेरून कडी लागणारा पोटमाळा, या गोष्टी मुलगी कोठून आली, कोणी आणली आणि तिला कसे डांबले ते सांगतात. खिडकी नसलेली जागा किंवा कपाटामागचे दार असेल तर मोजमापासह नकाशा काढावा. पिटाचे कलम 6 सिद्ध करायला तो फार उपयोगी पडतो.

वय आणि नाव

सुटका झालेली मुलगी पहिल्या दिवशी बहुधा ‘एकवीस’ सांगते. तसे सांगायला तिला शिकवलेले असते. वय अठराखाली असेल तर तिला 24 तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचे, प्रौढ असेल तर दंडाधिकाऱ्यापुढे. वाट चुकली की पुढचे सगळे चुकते. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 94 ने वय ठरवण्याचा क्रम दिला आहे : शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तेव्हाच हाडांची वैद्यकीय तपासणी. या तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच नोंदवले. नुसत्या क्ष-किरण अहवालावर उभा राहिलेला पोक्सोचा आरोप म्हणूनच डळमळतो. तपास अधिकाऱ्याने आठवडाभरात गावच्या शाळेचा जनरल रजिस्टर मागवणे हाच खरा उपाय.

नावाचाही तसाच गोंधळ. कुंटणखान्यातले नाव एक, आधार कार्डावरचे दुसरे, घरी हाक मारायचे तिसरे. तिन्ही नावे पहिल्याच जबाबात ‘ऊर्फ’ लावून नोंदवली नाहीत, तर चार वर्षांनी साक्षीला उभी राहिलेली तीच मुलगी, हे सिद्ध करण्यात दिवस जातो.

या टप्प्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा 2002 चा निकाल मोलाचा आहे. कामाठीपुऱ्यात 1986 पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितले, की दंडाधिकाऱ्याने आधी वय तपासावे, बालक असेल तर प्रकरण बालकांच्या यंत्रणेकडे सोपवावे, आणि आरोपींच्या वकिलाला पीडितांच्या वतीने उभे राहू देऊ नये. तोवर घरवालीच्या खर्चाने आलेला वकील मुलींच्या वकीलपत्रावर सह्या घेऊन त्यांना सोडवत असे आणि मुली त्याच माडीवर परतत.

निवारा की कोंडवाडा

प्रौढ स्त्रीला दंडाधिकारी चौकशी चालू असताना पिटाच्या कलम 17 खाली जास्तीत जास्त तीन आठवडे सुरक्षित ताब्यात ठेवू शकतो. त्या काळात परिवीक्षा अधिकारी तिची पार्श्वभूमी आणि घरची स्थिती तपासतो. दंडाधिकाऱ्याला सल्ला देण्यासाठी पाच जणांचे मंडळ नेमता येते आणि शक्य असेल तेथे त्यांतल्या तिघी स्त्रिया असाव्या लागतात. त्यानंतर संरक्षणगृहात एक ते तीन वर्षे ठेवण्याचा आदेश निघू शकतो. मुंबईत देवनारचे शासकीय गृह या कामी जुने आहे.

याच तरतुदीवरून सर्वांत मोठा वाद आहे. आरोपी पंधरवड्यात जामिनावर बाहेर आणि फिर्यादीची मुख्य साक्षीदार वर्षभर कुलपाआड, असे चित्र अनेकदा दिसते. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन प्रौढ तरुणींची इच्छेविरुद्ध ठेवणुकीतून सुटका केली आणि देहविक्री हा कायद्याने गुन्हा नाही, हे पुन्हा स्पष्ट केले. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा गृहांत मनाविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांची प्रकरणे तपासायला राज्यांना सांगितले. व्यवहारात बंदिवास साक्षीला पोषकही ठरत नाही. कोंडून ठेवलेली स्त्री पोलिसांवर चिडते आणि सुटका हवी म्हणून साक्षीच्या पिंजऱ्यात काहीही सांगते. समुपदेशन, औषधोपचार आणि घरी फोन करण्याची मुभा मिळालेली स्त्री निदान पुढच्या तारखेचा फोन उचलते.

कारवाईने वस्ती हलली तरी धंदा हलतोच असे नाही. गोव्यात वास्कोच्या बायना किनाऱ्यावरची वस्ती 2004 मध्ये पाडली गेली. नंतर भाड्याचे फ्लॅट, लॉज आणि मसाज पार्लर यांतून तोच व्यवहार चालू राहिला आणि शोधणे अधिक अवघड झाले.

साक्ष

दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब (पूर्वीचे कलम 164, आता नागरिक सुरक्षा संहितेचे 183) घाईने पहिल्याच दिवशी घेऊ नये, पण महिनोन्‌महिने लांबवूही नये. झोप, जेवण, तिची भाषा समजणारा दुभाषी आणि आरोपींपासून अंतर एवढे मिळाले की तपशील येऊ लागतात. बंगाली किंवा नेपाळी मुलीचा जबाब मोडक्या हिंदीत घेतला की ‘काकूने आणले’ या वाक्यातली काकू नात्याची की मोहल्ल्यातली, हे कायमचे संदिग्ध राहते.

खटला उभा राहीपर्यंत ती पश्चिम बंगालमध्ये, नेपाळमध्ये किंवा बांगलादेशात परतलेली असते. दूरदृश्य प्रणालीने साक्ष घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात 2003 मध्ये ठरवले. दुसऱ्या राज्यातील बालसाक्षीदारांसाठी 2022 मध्ये ठरावीक कार्यपद्धती आली : साक्षीच्या ठिकाणी समन्वयक असतो, ओळख पटवतो, कागद दाखवतो आणि खोलीत कोणी पढवायला नाही याची खात्री करतो. त्याच वर्षी प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळ्या साक्षकेंद्राचा आदेशही झाला. 2004 पासून पडदा लावणे आणि अश्लील उलटतपास टाळण्यासाठी प्रश्न लेखी देऊन न्यायाधीशांमार्फत विचारणे मान्य आहे. सरकारी वकिलाने अर्ज केला तरच हे घडते. आपोआप होत नाही.

धमकी असेल तर साक्षीदार संरक्षण योजना, 2018 खाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करायचा असतो. पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आणि संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत मिळते. अहवाल मुलीच्या गावच्या ठाण्याकडून मागवताना तिचे नाव चौकात फुटू नये, यासाठी तो मोहोरबंद मागवावा.

भरपाई आणि परतपाठवणी

भरपाई दोषसिद्धीवर अवलंबून नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आरोपी सापडला नाही तरीही. महाराष्ट्रात बलात्कार आणि बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या पीडितांसाठी 2 ऑक्टोबर 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. अर्ज अडतो तो बँक खात्यावर. ओळखपत्र घरवालीने ठेवून घेतलेले असते, म्हणून जप्तीच्या यादीत ते शोधून लवकर परत मिळवणे हे संस्थेच्या कार्यकर्त्याचे पहिले काम.

परदेशी पीडितेला विदेशी नागरिक कायद्याखाली आरोपी करू नये, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने 1 मे 2012 च्या परिपत्रकात म्हटले आहे. बांगलादेशी मुलीसाठी घरपत्त्याची पडताळणी आणि प्रवास परवाना लागतो. पत्ता अर्धवट असेल तर हे काम रखडते आणि तिचा निवारागृहातला मुक्काम लांबतो. 1996 मध्ये मुंबईतील मोठ्या छाप्यांनंतर नेपाळी मुलींना परत नेण्याचा प्रश्न महिनोन्‌महिने भिजत पडला होता. त्यांतल्याच काहींनी पुढे ‘शक्ती समूह’ ही संस्था उभारली. तिला 2013 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वेठबिगारी

वीटभट्टी, कोळसाभट्टी आणि ऊसतोडीसाठी उचल देऊन नेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत, विशेषतः रायगड-ठाण्यातील कातकऱ्यांच्या, 1976 चा वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम लागू होतो. इथे छाप्याची जागा प्रांताधिकारी किंवा तहसीलदाराची चौकशी घेते आणि मुक्तीचा दाखला हा सर्वांत महत्त्वाचा कागद ठरतो. 2016 च्या केंद्रीय योजनेत प्रौढ पुरुषाला 1 लाख, स्त्रिया व बालकांना 2 लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणांत 3 लाख रुपये पुनर्वसन साहाय्य ठरले. पूर्ण रक्कम मात्र वेठबिगारी सिद्ध होण्याशी जोडलेली आहे. भट्टी एका जिल्ह्यात आणि गाव दुसऱ्या जिल्ह्यात असते. दाखला हाती न देता कुटुंबाला गाडीत बसवून घरी सोडले, तर दोन्ही कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतात आणि पुढच्या हंगामात मुकादम पुन्हा उचल घेऊन दारात येतो.