राजाबाई टॉवरखालचं ग्रंथालय
आमच्या फोर्ट फेरीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी

ओव्हल मैदानापाशी आपण थांबतो तेव्हा सगळ्यांची नजर आधी घड्याळाकडे जाते. टॉवर २८० फूट उंच आहे, त्यामुळे साहजिकच आहे. पण आमची एक विनंती आहे: नजर जरा खाली आणा. टॉवरच्या दोन्ही अंगांना कमानींची जी इमारत दिसते ते मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय, आणि देणगी आधी त्याच्यासाठी आली होती.

१८६४ साली अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीतले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांनी ऑगस्टमध्ये ग्रंथालयासाठी २ लाख रुपये देऊ केले. टॉवर, घड्याळ आणि घंटांसाठीचे आणखी २ लाख ऑक्टोबरमधले. टॉवरला आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं ही त्यांची इच्छा. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले, कितीतरी पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदही त्यात सापडले. विद्यापीठाला दिलेले पैसे तेवढे शाबूत राहिले.

इमारतीचे नकाशे इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ते मुंबईला कधीच आले नाहीत. १ मार्च १८६९ला पायाभरणी झाली, नोव्हेंबर १८७८मध्ये काम संपलं. घडण गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीची, पण दगड आपल्या कुर्ल्याचा. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे आहेत. ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्या इंजिनियरांनी घडवले. स्कॉटसाहेबांचं नाव सगळे घेतात, आम्ही मुकुंदरावांचंही आवर्जून घेतो. दुर्बीण असेल तर आणा, पुतळ्यांची पागोटी नीट पाहता येतील.

वरच्या मजल्यावर वाचनालय आहे, वर लाकडी कमानदार छत आणि खिडक्यांना रंगीत काचा. इमारत नवी असताना मैदानापलीकडे समुद्र होता. समोरची आर्ट डेको घरं भराव घातल्यावर, १९३०च्या दशकापासून उभी राहिली. २०१३ ते २०१५ या काळात ग्रंथालयाची आणि टॉवरची डागडुजी झाली, रंगीत काचाही दुरुस्त झाल्या. त्या कामाला २०१८मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

टॉवरवर चढायला परवानगी नाही आणि विद्यापीठाच्या आवारात विनापरवाना जाता येत नाही, त्यामुळे आपण इमारत बाहेरूनच पाहतो. मैदानाकडची भिंत पश्चिमेला आहे, म्हणून फेरी संध्याकाळी ठेवली आहे. उतरतं ऊन पिवळसर दगडावर येतं तेव्हा कमानींचं कोरीवकाम सर्वांत स्पष्ट दिसतं.