गंज काढायचा डबा आणि गंज बदलायचा डबा: रस्ट रिमूव्हर, रस्ट कन्व्हर्टर एकच समजू नका

परवा एका मित्राचा फोन आला, त्यानेही आता जुना पिकअप घेतलाय (माझ्या नादाने घेतला म्हणे, वहिनी तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीयेत), आणि म्हणतो अरे दुकानातून रिमूव्हर आणि कन्व्हर्टर दोन्ही आणलेत, आधी कुठला मारू? मी विचारलं दोन्ही कशाला आणलेस? तर म्हणे दोन्हीवर गंजच लिहिलंय, आपल्याला गंज गेल्याशी कारण. हाच घोळ मी स्वतः घातलाय, एका फेंडरवर (चाकावरचा पत्रा) दोनदा काम करून, म्हणून म्हणलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

माझा ट्रक १९५१ चा शेवरले ३१००, अर्धा टन माल नेणाऱ्या वर्गातला. ५१ सालचा ओळखायचा कसा तर दाराला पुढची छोटी तिकोनी काच आहे पण हँडल मात्र जुनंच, खाली दाबून फिरवायचं, कारण बटण दाबायचं हँडल ५२ पासून आलं. आम्ही राहतो अमेरिकेत, मिशिगनला, इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मिठाचं पाणी एकदा पत्र्याच्या सांध्यात शिरलं की कोकण किनाऱ्यावरच्या घराच्या खिडक्यांचे गज आठवा, तसंच होतं. गंज नुसता रंग बदलून बसत नाही, तो लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि वर सच्छिद्र असतो, म्हणजे स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो, म्हणून एकदा लागला की तो आपला आपण वाढत जातो. दोन पत्रे जिथे एकावर एक आहेत तिथली शिवण फुगलेली दिसते ती याच्यामुळेच.

आता रिमूव्हर. नावाप्रमाणे हा गंज काढतो, विरघळवून पाण्यात घेतो आणि खालचं उघडं लोखंड तुमच्या हातात देतो. दुकानात मिळणारा महागडा डबाच लागतो असं काही नाही, जेवणातलं पांढरं व्हिनेगर हा रिमूव्हरच आहे, ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक अ‍ॅसिडसुद्धा रिमूव्हर आहे. आणि माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे मळी. हो, साखर कारखान्यातली मळी, इथे गुरांच्या खाद्याच्या दुकानात मिळते, एक भाग मळी नऊ भाग पाणी असं बादलीत करायचं, पार्ट बुडवून दोन आठवडे विसरून जायचं. आमचे मामा कोल्हापूरचे, त्यांचं गॅरेज होतं तिकडे, त्यांना व्हिडीओ कॉलवर बादली दाखवली तर म्हणाले, "अरे लेका, मळीसाठी अमेरिकेला गेलास व्हय?" वास मात्र तोच येतो बरं का, गळीत हंगामात कारखान्याजवळून गाडी गेली की काचा वर कराव्या लागतात तो. गॅरेज घराला जोडलेलं असेल तर बादली बाहेर ठेवा, मी ठेवली नव्हती आणि आठवडाभर बोलणी खाल्ली.

बॉनेटचे बिजागर, लॅच, सीटची सरकपट्टी, मुठीभर नटबोल्ट, हे सगळं मळीतून असं निघालं की ब्रशने साबणपाणी मारलं आणि करडं स्वच्छ लोखंड, त्यावर फॅक्टरीत ठोकलेला नंबरसुद्धा वाचता आला. वायर ब्रशने तो नंबर घासून गेला असता. फक्त अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे ओतीव पार्ट मळीत टाकू नका, ते खाल्ले जातात. एक अ‍ॅल्युमिनियमचं झाकण बोल्टांच्या गर्दीत चुकून गेलं आणि बाहेर आलं ते देवीचे व्रण असल्यासारखं.

विजेवर काढायची पण पद्धत आहे, पाण्यात धुण्याचा सोडा, जुना बॅटरी चार्जर, ऋण टोक गंजलेल्या पार्टला आणि धन टोक एखाद्या टाकाऊ साध्या लोखंडी पट्टीला. हे उलटं जोडलं तर पार्टच खलास, तेव्हा दोनदा बघा. ती पट्टी स्टेनलेसची अजिबात घ्यायची नाही, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि बुडबुडे येतात त्यात हायड्रोजन असतो, त्यामुळे शटर उघडं आणि आसपास ठिणगी नाही.

रिमूव्हरची खरी गंमत तो काम करून झाल्यावर सुरू होते. उघडं ओलं लोखंड हवेत आलं की परत तांबूस झाक धरतं, आमच्याकडे ऑगस्टच्या दमट दुपारी तर एक फोन घेऊन येईपर्यंत धरली होती. म्हणून अ‍ॅसिडवाला असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, परत साध्या पाण्याने धुवा, हीट गनने फटीफटीतून वाळवा, आणि त्याच दिवशी प्रायमर (पेंटच्या खालचा पहिला हात) मारा. उद्यावर ढकललं की परत पहिल्यापासून. आणखी एक, स्प्रिंग किंवा कडक पोलादाचे बोल्ट तासन् तास अ‍ॅसिडमध्ये ठेवू नका, हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होऊ शकतात आणि मग तुटतात ते काही न सांगता. अशांना अ‍ॅसिड नसलेलं रिमूव्हर, जे लोखंडाचे फक्त गंजलेले अणू पकडतं, ते बरं.

आणि कन्व्हर्टर? तो गंज काढतच नाही. गंज तिथेच राहतो, फक्त त्याचं दुसरं काहीतरी होतं. लोखंडी कढईत आवळा शिजवला की कढई आणि आवळा दोन्ही काळे पडतात, किंवा लोखंडी विळीवर कच्चं केळं चिरलं की बोटं काळी होतात, हे प्रत्येकाने बघितलंय. तिथे आवळ्या-केळ्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारं द्रव्य, लोखंडाला धरतं. हिरडा आणि लोखंड मिळून जी काळी शाई करायचे तीही हीच भानगड. बहुतेक कन्व्हर्टरमध्ये हेच टॅनिक अ‍ॅसिड असतं, सोबत एक लॅटेक्ससारखा पॉलिमर. डब्यातून दुधासारखं पांढरं येतं, तांबड्या गंजावर लावलं की डोळ्यांसमोर आधी जांभळट आणि मग काळंनिळं होत जातं, आमची पोरगी तर स्टूल टाकून बघत बसली होती. तो काळा थर म्हणजे लोखंडाचं टॅनेट, गंजापेक्षा बराच स्थिर, आणि पॉलिमर वाळून वर पापुद्रा धरतो म्हणून त्यावर पेंट बसतो.

मग दोघांचा घोळ होतो कुठे? माझ्या मते सगळा दोष फॉस्फरिक अ‍ॅसिडचा. हे एकच द्रव्य दोन्ही बाजूंनी खेळतं. लावून घासून धुऊन टाकलंत तर गंज विरघळून निघाला, म्हणजे रिमूव्हर. लावून तसंच वाळू दिलंत तर लोखंडाचा फॉस्फेट तयार होऊन थर बसला, म्हणजे कन्व्हर्टर. त्यामुळे एका डब्यावर एक नाव, शेजारच्या डब्यावर दुसरं, आणि आत जवळपास तेच. कोल्ड्रिंकने गंज निघतो असे जे व्हिडीओ फिरतात तेही कोलामध्ये थोडंसं फॉस्फरिक असतं म्हणून (निघतो, पण बोल्टपुरता, आणि मग चिकट झालेलं धुवत बसा). तेव्हा डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडा, मागे "धुवा" लिहिलंय की "वाळू द्या" ते वाचा. एवढ्यावरून कळतं.

आता माझा फेंडर. पुढचा डावा फेंडर मी व्हिनेगरच्या फडक्यांनी गुंडाळून, घासून, धुऊन, चकचकीत केला. मग डोक्यात आलं की अजून पक्कं करू, म्हणून वरून कन्व्हर्टर मारला. अरे पण गंजच नाही तर बदलणार काय? कन्व्हर्टरला गंज लागतोच, तो त्याचं खाद्य आहे. जिथे जिथे लोखंड स्वच्छ होतं तिथे ते नुसतं दुधाळ चिकट राहिलं आणि प्रायमर मारून दोन दिवसांनी नख लावलं तर दुधावरची साय निघावी तसा अख्खा पापुद्रा हातात आला. सगळं परत खरवडलं. स्वच्छ पत्र्याला सरळ इपॉक्सी प्रायमर, मध्ये कोणी नको. उलट बऱ्याच इपॉक्सी प्रायमरच्या माहितीपत्रकात स्पष्ट असतं की खाली कन्व्हर्टर किंवा न धुतलेलं अ‍ॅसिड नको, तेव्हा ते पत्रक आधी वाचायचं, नंतर नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.

दुसऱ्या बाजूची चूक पण तेवढीच कॉमन, म्हणजे पोपडे धरलेल्या जाड गंजावर कन्व्हर्टर ओतायचा. तो पोचतो तेवढाच थर काळा होतो, खालचा गंज आहे तसाच लाल, आणि तो पोपडा एक दिवस काळ्या थरासकट गळून पडतो. आधी हातोडीने टकटक, मग खरवडायची पत्री, मग वायर ब्रश, सुटतं ते सगळं सोडवायचं, आणि घट्ट धरून बसलेला पातळ तांबूस गंज उरला की मग कन्व्हर्टर. हे करताना मास्क घाला, इतक्या जुन्या गाडीच्या पेंटमध्ये शिसं असायची शक्यता असते आणि ती धूळ घरात कपड्यांवरून जाते.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो, हा भाग बादलीत बुडतो का आणि नंतर चारी बाजूंनी धुता येतो का? हो असेल तर रिमूव्हर. नाही असेल तर कन्व्हर्टरचा विचार. ३१०० ची चासी (गाडीचा खालचा सांगाडा) घ्या, उघड्या चॅनेलची आहे, पेटीसारखी बंद नाही, म्हणून आतबाहेर ब्रश जातो, पण तिला बुडवणार कशात? तिथे घासून कन्व्हर्टर आणि वर चासी पेंट, आणि पेंट मारायचाच बरं का, नुसता काळा थर म्हणजे काम झालं असं नाही, पाऊस-उन्हात तो टिकत नाही. केबच्या (ड्रायव्हर बसतो ती केबिन) आतल्या कप्प्यांत, जिथे हात जात नाही, तिथे रिमूव्हर ओतणं म्हणजे तर वेडेपणा, कारण ते धुऊन काढणार कसं, सांध्यात राहिलेलं अ‍ॅसिड आतून काम चालूच ठेवणार. तिथे लांब नळीने कन्व्हर्टर आणि वाळल्यावर मेणासारखं जे फवारतात ते.

पेट्रोलच्या टाकीचं मात्र उलटं. या मॉडेलला टाकी केबमध्येच आहे, सीटच्या मागे (हो, पाठीला पेट्रोल टेकवून लोक गाडी चालवायचे). तिच्या आत कन्व्हर्टर नको, तो पापुद्रा पुढे पेट्रोलमध्ये सुटून कार्ब्युरेटरला बसेल. तिथे रिमूव्हर, भरपूर धुणं, नाहीतर सरळ रेडिएटर-टाकीची कामं करणाऱ्याकडे द्या, मी तेच केलं, जुन्या पेट्रोलच्या वाफेशी घरच्या गॅरेजमध्ये खेळायचं मला धाडस नाही.

आणि दोन्ही डब्यांना न जमणारं एक काम आहे. गेलेलं लोखंड दोघांपैकी कोणीही परत आणत नाही. मामांनी पहिल्याच कॉलवर विचारलं होतं, "स्क्रू ड्रायव्हर टोचून बघितलास का?" मी म्हणलं मामा, अहो वरून बरा दिसतोय. "वरून सगळंच बरं दिसतंय, टोच." टोचला तर केबच्या मागच्या कोपऱ्यात मुठीपर्यंत आत, आणि बाहेर आली मूठभर लाल भुगटी, त्यात उंदराच्या घरट्याचं गवत. आधीच्या कोणीतरी तिथे बोटभर जाड लांबी (पुट्टी) भरून वर पेंट मारला होता. तिथे कापायचं, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, आणि नवा तुकडा मिग वेल्डिंगने टाके टाके देत जोडायचा, एका जागी सलग वेल्डिंग केलं तर पत्रा पापडासारखा वाकतो, म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये चहा.

तर त्या मित्राला मी विचारलं, गंज नक्की आहे कुठे? म्हणे केबचा खालचा कोपरा, थोडासाच आहे रे, फोडासारखा. म्हणलं स्क्रू ड्रायव्हर घे आणि टोच, मी थांबतो. फोनवर थोडा वेळ काही नाही, मग कर्रर्र असा आवाज, मग परत काही नाही.

"आत गेला रे."

म्हणलं, दोन्ही डब्यांचं बिल ठेवलंयस ना?