तळघरातला सूत्रधार : ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ची पार्श्वभूमी

नाताळच्या आदल्या रात्री एक बाई आपल्या नवऱ्याचा खून करते. प्रेताची विल्हेवाट लागायच्या आतच रेडिओवर बातमी येते की, वेड्यांच्या इस्पितळातून एक खुनी पळाला असून तो सांताक्लॉजच्या वेशात हिंडतो आहे. थोड्याच वेळात तो तिच्या घराबाहेर दिसू लागतो. पोलिसांना बोलवावे तर घरात प्रेत, न बोलवावे तर दारात मरण. ती धावत जाऊन दारे-खिडक्या लावून घेते, आणि तिची लहानगी मुलगी मात्र सांता आला म्हणून हरखून जाऊन त्याला घरात घेते. कथा तिथेच थांबते.

ही कथा जॉनी क्रेग याने १९५४ साली ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ या अमेरिकी चित्रकथा-द्वैमासिकासाठी चितारली. १९७२ मध्ये ती ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ या ब्रिटिश चित्रपटात आली, १९८९ मध्ये त्याच नावाच्या मालिकेतून अमेरिकी दूरचित्रवाणीवर आली, आणि तिन्ही वेळा तिने प्रेक्षकाला धरून ठेवले. भयकथांचे असे संग्रह एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात इतक्या सहज का जातात, याचे उत्तर रक्तपातात शोधले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते दोन गोष्टींत आहे : एका बैठकीत हिशेब चुकता करणारी छोटी कथा, आणि ती सांगताना गालातल्या गालात हसणारा सूत्रधार.

यांतली हसण्याची बाजू रंगभूमीवरून आली. पॅरिसमध्ये १८९७ साली एका जुन्या प्रार्थनामंदिराच्या इमारतीत ‘ग्रां गिन्योल’ हे जेमतेम तीनशे आसनांचे नाट्यगृह सुरू झाले. तेथे एका रात्रीत अनेक छोटी नाटके होत, आणि अंगावर काटा आणणाऱ्या नाटकानंतर मुद्दाम चावट प्रहसन ठेवलेले असे, कारण एकदा सैलावलेला प्रेक्षक पुढच्या धक्क्याला अधिक दचकतो, हे चालकांना पुरते उमगले होते. हे नाट्यगृह १९६२ पर्यंत चालले.

सूत्रधाराची गरज खऱ्या अर्थाने भासली ती रेडिओला. डोळ्यांपुढे काहीच नसल्यामुळे श्रोत्याचा हात धरून त्याला अंधारात नेणारा आवाज आवश्यक होता. १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘द विचेस टेल’ मालिकेत नॅन्सी नावाची म्हातारी चेटकीण आपल्या काळ्या मांजराला सोबत घेऊन कथा सांगे. १९४१ च्या ‘इनर सँक्टम’मध्ये प्रथम एक दार करकरत उघडे, आणि मग निवेदक मढ्यांवरून शाब्दिक कोट्या करू लागे. (कथा सांगणारे प्रेत आपल्याला नवे नाही, वेताळपंचविशीत ते राजाच्या खांद्यावरच बसलेले असते. पण तो वेताळ शेवटी न्यायाचा प्रश्न विचारतो, आणि रेडिओवरच्या या मंडळींना न्याय झाल्याची फक्त मौज वाटते.)

हे कार्यक्रम ऐकत वाढलेल्या विल्यम गेन्स आणि अल फेल्डस्टाइन यांनी तोच साचा कागदावर उतरवला. १९४७ मध्ये वडिलांचा नौका-अपघातात मृत्यू झाल्याने गेन्सकडे ‘ईसी’ ही प्रकाशनसंस्था आली होती. १९५० मध्ये त्यांनी तीन भयकथा-द्वैमासिके सुरू केली. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हाँट ऑफ फिअर’ या तिघांना तीन सूत्रधार होते : क्रिप्ट-कीपर म्हणजे तळघराचा राखणदार, त्याचा जोडीदार व्हॉल्ट-कीपर, आणि एक म्हातारी चेटकीण. ही तिघे एकमेकांच्या अंकांत पाहुणी म्हणून येत, परस्परांची यथेच्छ टवाळी करत आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत. दहा सेंटांत मुलांना कथेइतकीच ही संगत मिळे. कथांचा कायदा साधा होता : करावे तसे भरावे, आणि भरणाही त्याच नाण्यात. त्यामुळे या कथा वरकरणी कितीही बीभत्स असल्या, तरी आतून कीर्तनकाराइतक्या सोवळ्या होत्या.

विरोधकांना अर्थात मुखपृष्ठेच दिसली. २१ एप्रिल १९५४ रोजी बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेट उपसमितीपुढे गेन्स आपणहून साक्षीला गेला. एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बाईचे तोडलेले डोके घेतलेल्या माणसाचे मुखपृष्ठ पुढे करून, हे सुरुचीला धरून आहे काय, असे सिनेटर केफॉव्हर यांनी विचारले. भयकथेच्या मुखपृष्ठापुरते आहे, असे उत्तर देऊन तो थांबला असता तर बरे झाले असते. पण डोके आणखी उंच धरून गळ्यातून ठिबकणारे रक्त दाखवले असते तर ते अभिरुचीला सोडून झाले असते, असेही त्याने समजावून सांगितले. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेने शीर्षकांत ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द वर्ज्य केले, आणि रक्तपिपासू, नरमांसभक्षक व चालती प्रेते यांनाही बंदी केली. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’चा शेवटचा अंक १९५५ च्या आरंभी निघाला. ‘मॅड’ हे विनोदी प्रकाशन तेवढे तगले.

मासिके बंद पडली तरी वाचक मोठे झाले होते. १९७२ च्या चित्रपटात दिग्दर्शक फ्रेडी फ्रान्सिस याने पाच कथा गुंफल्या, आणि राखणदाराच्या भूमिकेत राल्फ रिचर्डसनसारखा मातब्बर नट भगव्या-तपकिरी संन्याशाच्या वेशात, हसू पूर्ण आवरून बसवला. नाताळची कथा त्यात आहे. जोन कॉलिन्स रक्ताचे डाग पुसत असते आणि रेडिओवर नाताळची भक्तिगीते चालू असतात, संवाद जवळपास नाहीतच. तो भाग उत्तम आहे, पण गंभीर राखणदार पाहताना काहीतरी हरवल्यासारखे वाटत राहते.

ते १९८९ मध्ये परत आले. ‘एचबीओ’ ही वर्गणीवर चालणारी वाहिनी असल्याने खुल्या प्रक्षेपणाचे संकेत तिला लागू नव्हते, आणि रॉबर्ट झेमेकिस, रिचर्ड डॉनर यांसारखे नावाजलेले दिग्दर्शक अर्ध्या तासाच्या भागासाठी उत्साहाने तयार झाले. नाताळची कथा झेमेकिसनेच केली. राखणदार आता सडक्या कातड्याची बाहुली होता. जॉन कॅसिरच्या चिरक्या आवाजात तो रेडिओवरच्या त्याच जुन्या मढ्यांच्या कोट्या करत असे. सात हंगामांत त्र्याण्णव भाग झाले. दरम्यान १९९३ मध्ये, ज्याच्यापासून मुलांना वाचवण्यासाठी सिनेटची समिती बसली होती, तोच राखणदार त्याच आवाजात शनिवारी सकाळी लहान मुलांच्या व्यंगचित्रमालिकेचे निवेदन करू लागला.