रेसिडेंट डॉक्टरांना रुग्णसुरक्षेचं शिक्षण

एमडी, एमएस करणाऱ्या रेसिडेंटला आजार ओळखायला शिकवतातच, पण आपल्या वॉर्डचं काम कुठे अडतंय, पेशंटला इजा कुठून होऊ शकते हे शोधून दुरुस्त करायला शिकवणं म्हणजे हे शिक्षण. चूक झाली की "कोणी केली?" हा प्रश्न आपल्याकडे पहिला येतो, इथे "होऊ कशी शकली?" हे आधी विचारायचं.

बडोद्यात वॉर्डात एकाच वेळी दोन रमेशभाई पटेल निघाले तर कोणाला नवल वाटत नाही, आणि दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी आजींना ऐकू कमी येत असेल तर कुठल्याही नावाला त्या 'हो' म्हणतात. म्हणून "तुम्ही सुमनताई ना?" असं विचारायचंच नाही, "आजी, पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि केसपेपरचा नंबर जुळवायचा, हे पहिल्या ड्युटीच्या आधी शिकवलं पाहिजे.

इन्सुलिनचं उदाहरण तर प्रत्येक रेसिडेंटला हातात देऊन दाखवावं असं आहे. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटचं इन्सुलिन मिळतं आणि १०० युनिटचंही, सिरिंज ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं की पेशंटला १० ऐवजी जातात २५ युनिट. रात्री तीन वाजता, सलग ड्युटीवर, दोन्ही सिरिंजा एकाच खणात असतील तर "नीट बघत जा" असं ओरडून काय होणार, खण वेगळे करा ना!

असे बदल करायची पद्धत म्हणजे पीडीएसए, प्लॅन-डू-स्टडी-ॲक्ट, म्हणजे आखा, करून बघा, तपासा आणि त्यावरून पुढचं ठरवा. तिचं मूळ अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांच्या कारखान्यातल्या मालाचा दर्जा सुधारण्याच्या कामात आहे, पुढे त्याच क्षेत्रातल्या एडवर्ड्स डेमिंग यांनी ती पसरवली. रेसिडेंटने वीस केसपेपर काढायचे, ॲलर्जीची नोंद किती ठिकाणी राहिली ते मोजायचं, एकच छोटा बदल करायचा, परत मोजायचं.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तिथे वैद्यकीय चुकांनी वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं जातात असा अंदाज दिला आणि या विषयाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आली, आठ शहरांतल्या चाचणीत, त्यात दिल्लीही होतं, मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. संघटनेने २०११ मध्ये सगळ्या आरोग्यशाखांसाठी अभ्यासक्रम-मार्गदर्शिकाही काढली. पण चेकलिस्ट ऑपरेशन झाल्यावर बसून टिक करायची असेल तर तो नुसता कागद, ती मोठ्याने वाचायची असते, आणि वाचताना सगळ्यात ज्युनियर डॉक्टरने "सर, बाजू चुकतेय" म्हटलं तर सरांनी थांबायचं असतं. माझ्या मते सगळ्यात अवघड धडा हाच आणि तो आधी सीनियरनाच द्यावा लागतो.

दुसरी अडचण म्हणजे रेसिडेंट तीन वर्षांनी निघून जातो आणि त्याच्याबरोबर त्याचा हा मोजून-सुधारायचा प्रोजेक्टही. म्हणून प्रोजेक्टची वही ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवतात त्या हँडओव्हरसारखीच पुढच्या बॅचच्या हातात द्यायची, काय करून बघितलं, काय फसलं, सगळं लिहून.