उशिरा पोचलेल्या मुलाचं रडू : ‘श्यामची आई’मागची पार्श्वभूमी

‘श्यामची आई’ वाचताना नेमकं कुठे रडू आलं, असं विचारलं की बहुतेक जण आधी आईच्या मरणाचं नाव घेतात. मग जरा आठवून दुसरंच काहीतरी सांगतात. कुणाला वडाच्या प्रदक्षिणा आठवतात, कुणाला धोंड्यावर पसरलेले आईचे ओचे. मला विचाराल तर अळणी भाजी. आईच्या हातून भाजीत मीठ घालायचं राहून जातं. वडील भाजीची तारीफ करत जेवतात, मुलंही अवाक्षर न काढता जेवतात, आणि शेवटी आई स्वतः पानावर बसते तेव्हा तिला कळतं. या प्रसंगात कुणी मरत नाही, कुणी कुणाला दुखवतही नाही. तरी घास अडकतो.

हे रडू आलं कुठून, याचा माग काढायचा तर पुस्तक जिथे लिहिलं गेलं त्या नाशिकच्या तुरुंगाआधी धुळ्याच्या तुरुंगात जावं लागतं. 1932 साली पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी, धुळ्याला कैदेत होते. विनोबाही तिथेच होते. दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. अठरा अध्यायांची अठरा प्रवचनं आज आपल्या हातात आहेत ती त्या लेखणीमुळे. माणूस समोर बसलेल्यांशी बोलतो तेव्हा वाक्य कसं वळतं, कुठे थांबतं, हे गुरुजींनी तिथे महिनोन् महिने कानांनी ऐकलं आणि हातांनी लिहिलं. पुढच्याच वर्षी त्यांनी जे पुस्तक लिहिलं, त्यात प्रकरणं नाहीत, ‘रात्री’ आहेत. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना रोज आईची एक आठवण सांगतो, अशा एकूण 42 रात्री. मला हा योगायोग वाटत नाही.

लिहिण्याचा काळ तर थक्क करणारा आहे. गुरुवार, 9 फेब्रुवारी 1933 रोजी नाशिकच्या तुरुंगात सुरुवात झाली आणि सोमवारी, 13 तारखेला पहाटे लेखन थांबलं. दिवसभर तुरुंगातलं काम, आणि लिहायचं ते रात्री नि पहाटे. काही भाग नंतर बाहेर आल्यावर लिहिला, पण पुस्तकाचा गाभा त्या चार-पाच दिवसांतला. पहिली आवृत्ती 1935 साली निघाली. आपल्या मनात लिहिताना जे उसळलं तेच वाचणाऱ्याच्या मनात उसळलं तर पुस्तक कृतार्थ झालं, अशा अर्थाचं गुरुजींनी प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे.

ही आई 1917 सालीच गेली होती. रत्नागिरी जिल्ह्यातलं दापोलीजवळचं पालगड हे गुरुजींचं गाव. घर एके काळचं बऱ्यापैकी, मग कर्जात बुडालेलं. यशोदाबाई गेल्या तेव्हा मुलगा शिकायला पुण्यात होता. पुस्तकातही श्याम घरी पोचतो तो सगळं संपल्यावर. एकेचाळिसाव्या रात्रीचं नावच ‘भस्ममय मूर्ती’ आहे. म्हणजे सांगणारा पहिल्या रात्रीपासून जाणतो की आपल्याला उशीर झाला. आईने वटसावित्रीच्या प्रदक्षिणा घालायला सांगितलं, ती तापाने खंगलेली, आणि मला मुलं हसतील म्हणून लाज वाटली, ही पहिलीच आठवण. त्या लाजेबद्दल आता आईची माफी मागायची सोय उरलेली नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी मला तरी इथलं वाटतं. आई मेली याचं ते आहेच, पण त्याहून जास्त, ती होती तेव्हा आपण कसे वागलो याचं.

गुरुजींच्या आधी मराठीत रडू नव्हतं असं मुळीच नाही. जात्यावरच्या ओव्यांत ते शेकडो वर्षं दळलं जात होतं: माहेरची आठवण, न्यायला न आलेला भाऊ, दूर राहिलेली आई. पण ते लेकीचं रडू होतं, पहाटेच्या अंधारातलं, घरचे पुरुष झोपेत असताना गायलेलं. रंगभूमीवर 1919 साली ‘एकच प्याला’ आलं. लिहिणारे गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले, त्यांना ते रंगमंचावर पाहता आलं नाही. बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षागृहं रडवली, पण तिथेही सोसणारी बाई आणि बघणारे आपण. कवितेत मात्र वारं बदलत होतं. माधव जूलियन आणि यशवंत या दोघांच्याही आईवरच्या कवितांत हाक मारणारा मुलगा आहे आणि ओ देणारी आई नाही. यशवंतांची ‘आईविना भिकारी’ ही ओळ तर म्हणीसारखी बोलण्यात आली. पुढे या दोन्ही कवितांना वसंत प्रभूंची चाल आणि लता मंगेशकरांचा आवाज मिळाला आणि त्या रेडिओवरून घरोघर पोचल्या.

गुरुजींना जात्यावरचं ते रडू चांगलं ठाऊक होतं. त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या आणि ‘स्त्री जीवन’ या नावाने छापल्या. बायका काय गातात हे इतकं कान देऊन ऐकणारे पुरुष त्या काळात फार नव्हते. ‘श्यामची आई’त त्यांनी लेकीचं ते रडू लेकाच्या तोंडी घातलं. मोठा झालेला पुरुष चारचौघांत बसून आईबद्दल बोलतो, बोलताना त्याचा गळा दाटतो, आणि त्याला त्याची लाज वाटत नाही. मराठी घरांत हे नवं होतं. सहाव्या रात्रीचं नाव ‘थोर अश्रू’ आहे. पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, हे आईचं सांगणं त्याच रात्रीतलं.

पुस्तक भाबडं, रडवं अशी टीका पुढे पुष्कळ झाली. ती करणाऱ्यांनी शेवटच्या दहा-बारा रात्रींची नुसती नावं पुन्हा वाचावीत: ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘वित्तहीनाची हेळणा’, ‘तेल आहे तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’. कोकणातलं एक घर सावकारापुढे कसं मोडत गेलं, याचा तो जवळजवळ हिशेबच आहे. आणि हा रडणारा माणूस मऊही नव्हता. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि मंदिर उघडलं. पंचविसाव्या रात्री श्यामची आई त्याला मोळी उचलू न शकणाऱ्या महार म्हातारीच्या मदतीला पाठवते. ती रात्र आणि ते उपोषण यांत चौदा वर्षांचं अंतर आहे, पण वाट एकच.

11 जून 1950 रोजी गुरुजी गेले. सिनेमा त्यांनी पाहिला नाही. तो 1953 साली आला आणि काढला कुणी, तर आचार्य अत्र्यांनी! ‘झेंडूची फुले’तून कवींची विडंबनं करणारे, नाटकांतून लोकांना पोट धरून हसवणारे अत्रे. त्यांनी आई म्हणून घेतलं वनमालाबाईंना, म्हणजे 1941 च्या ‘सिकंदर’ या भव्य हिंदी चित्रपटाच्या नायिकेला. श्याम झाला माधव वझे. संगीत वसंत देसायांचं. ‘छडी लागे छमछम’ आजही शाळेच्या स्नेहसंमेलनांत वाजतं, पण रडवणारं गाणं दुसरं: आशा भोसल्यांनी गायलेलं ‘भरजरी गं पितांबर’. कृष्णाच्या बोटाला जखम होते आणि द्रौपदी आपला भरजरी पितांबर फाडून चिंधी देते, ही त्यातली गोष्ट. शब्द अत्र्यांचेच. चिंधीची किंमत कळायला पितांबर फाडणारी माणसं आपल्या आयुष्यातून निघून जावी लागतात. ऐकताना आधी भाऊ आठवतो, मग बहीण, मग आई. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार 1954 साली पहिल्यांदा दिले गेले, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी सिनेमाला मिळालं.

2023 साली सुजय डहाके यांनी हीच गोष्ट पुन्हा पडद्यावर आणली. रंगीत सिनेमाच्या काळात त्यांनी ती कृष्णधवल ठेवली.

आमच्या घरी हे पुस्तक आजी मोठ्याने वाचायची, रात्री जेवणं उरकल्यावर, रोज एक रात्र. ओव्या पाठ असलेली ती बाई. अठराव्या रात्रीला, वडील भाजी चांगली झाली म्हणतात तिथे ती चष्मा काढायची आणि पुस्तक माझ्याकडे द्यायची. पुढचं मी वाचायचो. मला तेव्हा वाटायचं, तिचे डोळे दमले.