सेलमधला गेम आणि मॉड : अडतं ते नेमकं कुठे?

सेल लागला की एक प्रश्न हमखास विचारला जातो : एवढ्या स्वस्तात घेतलेल्या पीसी गेमवर मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये घातलेली भर किंवा केलेले बदल, चालतील ना? चालतात. सवलत बिलावर असते, फाइलमध्ये नसते. पूर्ण किंमत देणाऱ्याला आणि पाव किमतीत घेणाऱ्याला एकाच स्टोअरच्या सर्व्हरवरून एकच गेम उतरवून मिळतो. कुणी किती पैसे मोजले हे मॉडला कळायची सोयच नसते.

तरीही ही शंका हवेतून आलेली नाही. स्वस्तात गेम घेतला आणि मॉड चालले नाहीत, असा अनुभव आलेले लोक खरोखरच आहेत. त्यांचं घोडं किमतीपाशी अडलेलं नसतं. ते अडतं स्टोअरपाशी, एडिशनपाशी, नाहीतर गेमच्या आवृत्तीपाशी. आणि गंमत अशी की मॉडिंगच्या अगदी सुरुवातीच्या काळात पैसे आणि मॉड यांचा संबंध सरळसरळ होता, तोही मुद्दाम जोडलेला.

१० डिसेंबर १९९३ रोजी आयडी सॉफ्टवेअरचा डूम हा गेम आला. आयडीचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने त्याची रचनाच अशी केली होती की गेम चालवणारं इंजिन एका बाजूला आणि नकाशे, चित्रं, आवाज वगैरे ऐवज दुसऱ्या बाजूला, वॅड नावाच्या फाइलमध्ये. मूळ गेमला हात न लावता आपली वेगळी वॅड फाइल जोडली की नवी लेव्हल तयार. १९९४ उजाडताच चाहत्यांनी लेव्हल बनवण्याची साधनंही तयार केली. मात्र डूम शेअरवेअर पद्धतीने वाटला जात होता : पहिला भाग फुकट, पुढचे भाग पैसे भरून. आयडीने साधनं बनवणाऱ्यांना विनंती केली की ती फुकट आवृत्तीवर चालू देऊ नका. कंपनीने गेममध्येही तशी तजवीज केली होती. शेअरवेअर डूमला बाहेरची वॅड फाइल जोडायला गेलात तर गेम सुरूच होत नसे. शेअरवेअर आवृत्तीत हे जमणार नाही, नोंदणी करा, असा संदेश येऊन थांबत असे. १९९७ मध्ये डूमचा सोर्स कोड खुला झाला, त्यात ती ओळ आजही वाचता येते.

मला हा सौदा न्याय्य वाटतो. चाहत्यांनी फुकट लेव्हल बनवाव्यात, पण त्या खेळायला निदान एकदा गेम विकत घ्यावा, एवढंच मागणं होतं. आणि त्यातली रेष फुकट आणि विकत यांच्यामध्ये होती, स्वस्त आणि महाग यांच्यामध्ये नव्हती. पुढेही ती तिथेच राहिली. बोहेमिया इंटरॅक्टिव्हने २०११ मध्ये आर्मा २ ची फुकट आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यातून मोहीम, उच्च दर्जाची टेक्सचर्स आणि मॉडचा आधार या गोष्टी वगळल्या होत्या. पुढच्याच वर्षी डे-झी हा मॉड आला. तो खेळायला आर्मा २ आणि त्याचा ऑपरेशन अ‍ॅरोहेड हा भाग, दोन्ही लागत, आणि त्या एका मॉडपायी काही वर्षं जुना गेम स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या विक्रीच्या यादीत वर जाऊन बसला. मॉडमुळे जुना गेम विकला जातो, हे गेम कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. सवलतीतल्या प्रतीवर मॉड बंद करण्यात त्यांचंच नुकसान आहे.

डिस्कच्या काळात फारसे घोळ नव्हते. हाफ-लाइफची प्रत कुठल्याही दुकानातून घ्या, १९९९ मध्ये आलेला काउंटर-स्ट्राइक हा मॉड तिच्यावर चालायचा. पॅच, म्हणजे कंपनीने दिलेली दुरुस्तीची फाइल, योग्य हवा, एवढीच अट. २००२ मध्ये बेथेस्डा या कंपनीने मॉरोविंड या गेमसोबत कन्स्ट्रक्शन सेटच देऊन टाकला, म्हणजे ज्या साधनाने गेम बनला तेच गिऱ्हाइकाच्या हाती. फाइल आपल्या हार्ड डिस्कवर, आपल्या फोल्डरमध्ये, आणि तिथे काय ठेवायचं हे आपण ठरवणार.

डिजिटल विक्री सुरू झाली आणि चित्र बदललं. व्हॉल्व्हचं स्टीम १२ सप्टेंबर २००३ रोजी सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी आलेला हाफ-लाइफ २ स्टीमशिवाय चालेनासा झाला. त्यानंतर एकच गेम अनेक दुकानांत दिसू लागला, आणि प्रत्येक दुकान त्याच्याभोवती आपापलं संरक्षण गुंडाळू लागलं. मॉडसाठी खरी अडचण इथे जन्मली.

ती समजून घ्यायला स्क्रिप्ट एक्स्टेंडर हा प्रकार जरा जवळून पाहायला हवा. बेथेस्डाच्या गेममध्ये साधा मॉड म्हणजे डेटा फोल्डरमध्ये टाकलेल्या फाइल. नवं चिलखत, नवं घर, नवी मोहीम एवढ्यावर भागतं. पण गेमला मुळात जे येतच नाही ते शिकवायचं असेल, उदाहरणार्थ संपूर्ण मेन्यू बदलायचा असेल, तर चालत्या गेमच्या मेमरीत शिरावं लागतं. ते काम स्क्रिप्ट एक्स्टेंडर करतो. तो स्वतःच्या लोडरमधून गेम सुरू करतो आणि ठरावीक फंक्शनच्या ठरावीक पत्त्यांवर आपला कोड जोडतो. हे पत्ते गेमच्या मुख्य एक्झी फाइलच्या, म्हणजे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, त्या विशिष्ट आवृत्तीचे असतात. फाइल पुन्हा कंपाइल झाली की पत्ते सरकतात आणि एक्स्टेंडर निकामी होतो. एक्झी फाइल एन्क्रिप्ट केलेली असेल तर पत्ते शोधणंच मुश्कील.

बेथेस्डाच्याच ऑब्लिव्हियन या गेमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. डिस्कवरची आणि स्टीमवरची प्रत त्याच्या एक्स्टेंडरला चालायची, स्टीमसाठी लोडर तेवढा वेगळा होता. डायरेक्ट टू ड्राइव्ह या दुकानातून घेतलेली प्रत मात्र तिच्या संरक्षणामुळे चालत नसे. त्या दुकानात पूर्ण किंमत भरलेल्या माणसालाही तो मॉड मिळत नव्हता, आणि दुसरीकडे सेलमध्ये घेतलेल्याला मिळत होता. किमतीचा इथे काडीचाही संबंध नाही.

त्यानंतरच्या स्कायरिम या गेमच्या बाबतीत हे कोडं आणखी गुंतागुंतीचं झालं. ११ नोव्हेंबर २०११ चा मूळ गेम ३२ बिटचा, २०१६ ची स्पेशल एडिशन ६४ बिटची. एकाचे एक्स्टेंडर आणि त्यावरचे मॉड दुसऱ्यात चालत नाहीत. बरोबर दहा वर्षांनी, ११ नोव्हेंबर २०२१ रोजी अ‍ॅनिव्हर्सरी अपडेट आलं आणि १.५.९७ या आवृत्तीवर उभे असलेले कितीतरी मॉड एका दिवसात बंद पडले. आज एक्स्टेंडर बनवणारे स्टीमसाठी वेगळी आणि जीओजी या दुसऱ्या दुकानासाठी वेगळी फाइल देतात. एपिक या दुकानाच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणी-सेवेच्या प्रतींना ते आधार देत नाहीत. गेम तोच, नाव तेच. फरक आहे तो फक्त दुकानाचा.

एपिकचं स्टोअर डिसेंबर २०१८ मध्ये आलं आणि नियमितपणे फुकट गेम देऊ लागलं. 'स्वस्तातल्या गेमवर मॉड नाहीत' हा समज घट्ट व्हायला याने मोठा हातभार लावला असं मला वाटतं, आणि त्यामागे होतं वर्कशॉप, म्हणजे स्टीममधलंच मॉडचं भांडार. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये टीम फोर्ट्रेस २ पासून सुरू झालेलं वर्कशॉप फेब्रुवारी २०१२ मध्ये क्रिएशन किट या मॉड बनवण्याच्या साधनासोबत स्कायरिमला मिळालं. एक बटण दाबायचं की मॉड उतरतो, अद्ययावत राहतो, काढायचा तर सहज निघतो. नवख्या माणसासाठी याहून सोपं काही नाही. पण वर्कशॉप स्टीमचं आहे. तो गेम तुमच्या स्टीम खात्यावर असेल तरच त्याचं दार नीट उघडतं. सिटीज स्कायलाइन्स या शहर उभारणीच्या गेमसारख्या गेमचा बहुतेक सगळा मॉडसंसार वर्कशॉपवरच वसला होता. डिसेंबर २०२० मध्ये एपिकने तो गेम फुकट दिला, आणि नव्याने आलेल्या खेळाडूंना कळलं की ज्या रस्त्यांच्या आणि वाहतुकीच्या मॉडचं एवढं कौतुक ऐकलं ते आपल्या हाताला लागत नाहीत. मॉड स्वतः त्या गेमवर चालले असते, फोल्डरही होतं. नव्हता तो मॉड मिळवायचा सरळ रस्ता. नेक्सस मॉड्ससारख्या कुठल्याच दुकानाशी न बांधलेल्या साइटचं मोल अशा वेळी कळतं.

सर्वांत कडक कुलूप मायक्रोसॉफ्टने लावलं होतं. २०१६ मध्ये राइज ऑफ द टूम्ब रेडर आणि क्वांटम ब्रेक हे गेम विंडोज स्टोअरवर यूडब्ल्यूपी या बंदिस्त स्वरूपात आले. इन्स्टॉल झालेला गेम विंडोजअ‍ॅप्स या राखीव फोल्डरमध्ये जाई. संगणकाच्या मालकालाही तो फोल्डर सहजी उघडता येत नसे, फाइल बदलणं तर दूरच. त्याच वर्षी मार्चमध्ये एपिकचे टिम स्वीनी यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून या धोरणावर जाहीर टीका केली. मायक्रोसॉफ्टने मे २०१९ मध्ये विन३२ या विंडोजच्या नेहमीच्या स्वरूपातल्या गेमना स्टोअरची दारं उघडली, आणि २०२१ च्या अखेरीस एक्सबॉक्स अ‍ॅपमध्ये गेमचा फोल्डर निवडण्याची आणि त्यातल्या फाइलपर्यंत पोहोचण्याची सोय आली. गेम पासवर आता बरेच साधे मॉड चालतात. एक्स्टेंडर लागणाऱ्या मॉडचं दुखणं तेवढं राहिलं.

याच्या नेमकं उलट टोक म्हणजे जीओजी. २००८ मध्ये सीडी प्रोजेक्टने ते जुन्या गेमसाठी सुरू केलं. कुठलंही डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणारं संरक्षण, नाही, इन्स्टॉलर उतरवून स्वतःजवळ ठेवता येतो. सेलमध्ये घेतलेल्या गेमलाही हे सारं तसंच लागू. मॉडसाठी यातली मोलाची गोष्ट म्हणजे आवृत्ती आपल्या ताब्यात राहते. अशा इन्स्टॉलरवरून चढवलेल्या गेमच्या बाबतीत रात्रीत अपडेट येऊन सकाळी मॉड मेलेले, असं होत नाही.

सवलतीचा मॉडशी खरा संबंध येतो तो एडिशनच्या निवडीत. सेलमध्ये सर्वांत ठळक आकडा मूळ गेमवर असतो, डीएलसीवर, म्हणजे वेगळ्या विकल्या जाणाऱ्या जोड-भागांवर, नसतो. आणि मोठे मॉड अनेकदा सगळे डीएलसी मागतात, कारण त्यांतल्या वस्तू, जागा आणि स्क्रिप्ट ते वापरतात. मूळ स्कायरिमच्या अनधिकृत पॅचला पुढे तिन्ही डीएलसी लागू लागले. ज्यांनी फक्त मूळ गेम घेतला त्यांना तो पॅच वापरता येईना, आणि त्या पॅचवर टेकलेले इतर मॉडही गेले. फॉलआउट लंडन हे ताजं उदाहरण. अवघा नवा गेम म्हणावा एवढा मोठा हा मॉड एप्रिल २०२४ मध्ये येणार होता. त्याच सुमारास, २५ एप्रिलला, बेथेस्डाने फॉलआउट ४ ला मोठं अपडेट दिलं आणि मॉड लांबणीवर पडला. २५ जुलैला तो जीओजीवर आला. त्याला फॉलआउट ४ सोबत सगळे डीएलसी हवेत, स्टीमवाल्यांनी गेम जुन्या आवृत्तीवर न्यायचा, आणि एपिकची प्रत चालत नाही. स्टोअर, एडिशन, आवृत्ती : तिन्ही अडसर एकाच मॉडमध्ये एकत्र आले. इथेही सेलमध्ये घेतलेली संपूर्ण एडिशन चालते आणि पूर्ण किमतीला घेतलेला नुसता मूळ गेम चालत नाही.

बाहेरून घेतलेल्या कीचं, म्हणजे गेम खात्यावर चढवणाऱ्या कोडचं, काय? प्रकाशकाने अधिकृतपणे विकायला दिलेली स्टीम की, मग ती हंबल बंडलमधली असो वा दुसऱ्या दुकानातली, एकदा खात्यावर चढली की वर्कशॉपसकट सगळं देते. एक बारीक गोष्ट मात्र आहे. स्टीमवर ५ डॉलरही खर्च न केलेलं खातं मर्यादित मानलं जातं, आणि बाहेरची की चढवणं हा त्या हिशेबात खर्च धरत नाहीत. अशा खात्यावरून वर्कशॉपवर स्वतःचा मॉड चढवता येत नाही. मॉड वापरणाऱ्याला याचा त्रास नाही, बनवणाऱ्याला आहे. पुनर्विक्रीच्या करड्या बाजारातल्या कीची जोखीम निराळी : जानेवारी २०१५ मध्ये यूबीसॉफ्टने फसव्या व्यवहारातून आलेल्या फार क्राय ४ वगैरेंच्या की रद्द केल्या, तेव्हा काही गिऱ्हाइकांच्या खात्यावरून गेमच गेला. गेमच नाही तर मॉडचा प्रश्न कुठून येणार?

प्रकाशकांचं धोरण हा वेगळा धागा आहे, आणि तो सगळ्या गिऱ्हाइकांना सारखाच लागू पडतो. एप्रिल २०१५ मध्ये स्टीमने स्कायरिमचे मॉड पैसे घेऊन विकायला काढले आणि चार दिवसांत ते मागे घेतलं. जानेवारी २०२४ मध्ये कॅपकॉमने रेसिडेंट ईव्हिल रेव्हलेशन्स या कितीतरी वर्षं जुन्या गेमवर एनिग्मा हे संरक्षण चढवलं. मॉड बंद पडले, ओरड झाली, बदल परत फिरवला गेला. वर्षानुवर्षं चालत आलेले मॉड असे एका अपडेटने मारणं मला अत्यंत चुकीचं वाटतं, कारण लोकांनी तो गेम त्या मॉडसकट आपला मानलेला असतो.

अलीकडे काही प्रकाशकांनी स्टोअरची भिंतच मधून काढली आहे. २०२३ च्या सिटीज स्कायलाइन्स २ ने वर्कशॉप सोडून पॅराडॉक्स मॉड्स ही स्वतःची व्यवस्था घेतली, म्हणजे गेम कुठूनही घेतला तरी मॉडचा साठा एकच. वर्कशॉपची सवय झालेल्या बऱ्याच जुन्या खेळाडूंना ते रुचलं नाही, पण पहिल्या भागात एपिकवाल्यांचं जे अडलं होतं ते यात अडत नाही. बाल्डर्स गेट ३ ने सप्टेंबर २०२४ मध्ये अधिकृत मॉड साधनं दिली ती मॉड.आयओ या मॉडच्या साइटवर, आणि तिथून निवडलेले मॉड गेमच्याच मेन्यूतून उतरतात, स्टीमवर, जीओजीवर आणि कन्सोलवरसुद्धा. एक्झी फाइलमध्ये शिरणारे मॉड मात्र आजही आवृत्तीला बांधलेलेच आहेत. म्हणून सेलमध्ये बटण दाबण्याआधी हव्या त्या मॉडच्या पानावरच्या अटी वाचाव्यात. कुठल्या स्टोअरची प्रत, कोणते डीएलसी आणि कोणती आवृत्ती हे तिथे लिहिलेलं असतं.