व्याख्यानमाला, महाराष्ट्रातील

ठरावीक ऋतूत, ठरावीक ठिकाणी, दरवर्षी ओळीने काही दिवस चालणारी व सर्वांना खुली असणारी जाहीर भाषणांची योजना. इतिहास, साहित्य, समाजकारण, विज्ञान, संगीत असे सर्वच विषय तीत येतात. प्रस्तुत नोंदीत प्रादेशिक इतिहास व संस्कृती यांचे ज्ञान विद्यापीठाबाहेरील श्रोत्यांपर्यंत नेणारी संस्था, एवढ्याच अंगाने तिचा विचार केला आहे.

उगम : व्याख्यानमालेचे मूळ कोठे शोधावे, याविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार ते कीर्तन-पुराणाच्या परंपरेत आहे. संध्याकाळची वेळ, देवळाचे आवार किंवा नदीचा घाट, एकच बोलणारा आणि जमिनीवर बसलेला मिश्र श्रोतृवर्ग हे साम्य खरे आहे. नारदीय कीर्तनातील पूर्वरंग (निरूपण) व उत्तररंग (आख्यान) या मांडणीची छाया जुन्या वक्त्यांच्या भाषणांत दिसते, हेही मान्य करावे लागते. मात्र कीर्तनकाराला श्रोता मधेच किंवा शेवटी उठून हरकत घेत नाही. विषयही बहुधा आधीच ठाऊक असतो.

दुसरे मत मुंबईतील सभांकडे बोट दाखविते. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व प्राध्यापक यांनी १८४८ मध्ये स्थापन केलेल्या साहित्य-विज्ञान सभेच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. त्यांपैकी मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. सभेत निबंध वाचला जाई व त्यावर चर्चा होई. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही निघू लागले. अध्यक्षाने शेवटी समारोप करण्याची आणि श्रोत्यांनी प्रश्न विचारण्याची रीत व्याख्यानमालांनी येथूनच उचलली असावी. मात्र ही सभा मुख्यतः शिकलेल्या सभासदांची होती. कोणीही यावे व ऐकावे असा मोकळेपणा आधी दिसतो तो विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी केलेल्या वादात. तो मात्र वाद होता, माला नव्हे.

तिसरे मत पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेपासून प्रारंभ धरते व तेच अधिक ग्राह्य वाटते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यास बदलून आले. त्यांच्या प्रेरणेने ही माला सुरू झाली. तिचे आरंभवर्ष सामान्यतः १८७५ मानले जाते. कीर्तनाचा श्रोता, मुंबईच्या सभेची शिस्त आणि किनाऱ्यावरचा मोकळेपणा हे तिन्ही येथे एकत्र आले. त्यांना वार्षिक नियमितपणाची जोड मिळाली, ही नवी गोष्ट होय. वसंताची निवड व्यवहार्य होती : न्यायालये व विद्यालये सुट्टीवर असत आणि बाहेरगावची शिक्षित मंडळी पुण्यात येत. पहिली ग्रंथकार सभा (मराठी लेखकांचे संमेलन) ११ मे १८७८ रोजी हिराबागेत आणि दुसरी २४ मे १८८५ रोजी भरली. दोन्ही याच हंगामात. दयानंद सरस्वतींची पुण्यातील प्रवचने मात्र १८७५ च्याच पावसाळ्यातली असून त्यांतील पंधरा छापली गेली.

मर्यादा व प्रतिवाद : आरंभीचा वक्ता व श्रोता दोघेही बहुतांशी पांढरपेशे होते, ही गोष्ट नजरेआड करून या संस्थेचा इतिहास लिहिता येत नाही. १८८५ च्या ग्रंथकार सभेला येण्यास नकार देणारे जोतीराव फुले यांचे पत्र याच वर्तुळाला उद्देशून आहे. त्यांच्या सत्यशोधक समाजाने (स्थापना १८७३) व पुढे आंबेडकरी चळवळीने भाषणाबरोबर जलशाचा (गाणी व संवाद यांतून प्रबोधन करणाऱ्या लोकनाट्याचा) वापर केला आणि व्याख्यानमाला पोहोचली नव्हती अशा गावांत इतिहासाची वेगळी मांडणी नेली. जलशांना व्याख्यानमालांच्या इतिहासाबाहेर ठेवण्याचा प्रघात सोडून द्यावयास हवा. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्यावर जाहीर व्याख्यानाला स्त्री वक्ता आणि स्त्री श्रोता हे दोन्ही लाभले. त्यावर टीकाही झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यातील गोखले स्मारक सभागृहात रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त इंग्रजीत भाषण केले. ते त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापले गेले, म्हणून आज पूर्ण वाचता येते. छापली न गेलेली भाषणे बहुधा कार्यक्रमपत्रिकेतील शीर्षकापुरतीच उरतात.

प्रादेशिक इतिहास : आरंभीच्या मालांत स्थानिक इतिहासाला स्वतंत्र जागा नव्हती. ती साधनांच्या शोधामुळे मिळाली. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि वाड्यांतील दप्तरे, गावकीचे महजर (निवाडपत्रे), देशमुख-देशपांड्यांचे कागद ही सर्वांच्या आस्थेची वस्तू झाली. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पाक्षिक सभांत नवा कागद प्रथम वाचला जाई, त्यावर खडाजंगी होई व मग तो इतिवृत्तात किंवा त्रैमासिकात छापला जाई. राजवाडे यांच्या निधनानंतर (३१ डिसेंबर १९२६) धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि खानदेशाला स्वतःचे केंद्र मिळाले. विदर्भात वा. वि. मिराशी यांनी वाकाटक या प्राचीन राजघराण्याचे ताम्रपट व शिलालेख यांवर केलेल्या कामाने स्थानिक श्रोत्याला पेशवाईपलीकडचा भूतकाळ दिला. आज तालुक्याच्या गावी वीरगळ (वीराचा स्मारकशिळा), गद्धेगाळ (दान मोडणाऱ्यास शाप कोरलेली शिळा), बारव (पायऱ्यांची विहीर) किंवा मोडी लिपी यांवर व्याख्यान ठेवले की गर्दी होते, ती याच कामाची फळे होत. शिवचरित्रावरील व्याख्यानांची लोकप्रियता मात्र निराळ्या, कथनप्रधान परंपरेतली आहे. तेथे साधनचिकित्सा (मूळ कागदपत्रांची पारख) मागे पडते.

मराठवाड्यात निजामी राजवटीत जाहीर सभेला परवानगी लागे. त्यामुळे गणेशोत्सवातील मेळे व परभणीच्या गणेश वाचनालयासारखी वाचनालये यांनी हे काम केले. पुढे नरहर कुरुंदकर यांनी नांदेडहून गावोगाव जाऊन इतिहासाची तर्ककठोर मीमांसा सामान्य श्रोत्यांपुढे मांडली. वक्त्याने श्रोत्याची आवड न जोखता त्याची कुवत वाढवावी, याचे याहून चांगले उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. विदर्भात राम शेवाळकर आणि पश्चिम महाराष्ट्रात शिवाजीराव भोसले यांचा उल्लेख करावा लागेल.

आश्रय : पुण्याची मूळ माला वक्तृत्वोत्तेजक सभा चालविते. २१ एप्रिल ते २० मे हा तिचा रूढ काळ असून ती अलीकडे टिळक स्मारक मंदिरात भरते. नाशिकची वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात गोदाघाटावरील यशवंतराव महाराज पटांगणावर होते. इतरत्र मुख्य आधार सार्वजनिक ग्रंथालयांचा आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर शासनमान्य ग्रंथालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे बहिःशाल (विद्यापीठाबाहेरील लोकांसाठीचे) शिक्षण मंडळ पहिले कुलगुरू मुकुंदराव ऊर्फ बाबासाहेब जयकर यांच्या नावाने ‘डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला’ ग्रामीण भागात चालविते. अनेक गावांत ११ एप्रिल ते १४ एप्रिल या फुले व आंबेडकर जयंतींच्या दरम्यान माला भरतात.

महाराष्ट्राबाहेर : बेळगावात सार्वजनिक वाचनालयाची बॅ. नाथ पै व्याख्यानमाला असून कडोली, उचगाव, येळ्ळूर या परिसरातील ग्रामीण साहित्य संमेलने तिला पूरक ठरली आहेत. गोव्यात मडगावच्या गोमंत विद्या निकेतनची ‘विचारवेध’ ही जुनी माला आहे. गोव्यात जन्मलेले इतिहासकार दा. ध. कोसंबी यांच्या नावाचा विचार महोत्सव राज्य शासनाने २००८ पासून पणजीत सुरू केला. त्याची भाषा मुख्यतः इंग्रजी आहे.